अळणी पाव

४ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे! सामानाच्या अठ्ठावीस नगांपैकी एकच फुटला, तोही ह्यांचा दाढीचा आरसा. आता दाढी केली नाही तरी चालेल म्हणून स्वारी उलट खूश आहे.

दुकान वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं निघालं. पुढे विक्रीची खोली, मध्ये भट्टी, मागे आमच्या दोन खोल्या आणि हातरुमालाएवढं परसदार. परसाच्या भिंतीमागे ओढा आणि ओढ्यापलीकडे थेट जंगलच. भट्टी विटांची, जुनी, पण कमानीला एक तडा नाही. मी आत डोकं घालून पाहिलं, बोटांनी ठोकून पाहिलं. पाव भाजायची विद्या मी बाबांकडून घेतली. ते म्हणायचे, आधी भट्टी बघावी, मग घर. तशी बघितली. घराला एक खिडकी कमी आहे, पण चालेल.

ह्यांच्या छातीला इथली हवा मानवेल असं डॉक्टर म्हणाले म्हणून आलो. वीस वर्षं दगडाच्या खाणीत काढलेल्या माणसाच्या छातीत धुळीशिवाय काय असणार? पण आज चढावर ते दोनदाच थांबले. मी मोजलं.

गल्लीच्या पलीकडे, अगदी समोर शिंपीणकाकू राहतात. साठीच्या, एकट्या, ओठांत कायम दोन टाचण्या. टाचण्या न काढताच बोलतात, त्यामुळे निम्मं अंदाजाने समजून घ्यायचं. त्यांनी चिऊला चिंध्यांचा ससा करून दिला आणि सातव्या वर्षी माझ्या लेकीला नवी आजी मिळाली.

दुपारी चिऊ ओरडली, "आई, हरणं!" खरंच, तीन हरणं गल्लीतून चालत होती, भर वस्तीत, पाहुण्यांसारखी. राखाडी रंग, शिंगं नाहीत, वासराएवढी उंची. एक आमच्या दाराशी थांबलं आणि त्याने दाराची मूठ चाटली. किती लांब जीभ! इथे त्यांना 'मंडळी' म्हणतात. मंडळी आली की माणसं भिंतीला लागून उभी राहतात आणि वाट देतात. ह्यांना गंमत वाटली. म्हणाले, आमच्या खाणीत साहेब आला की आम्हीही असेच उभे राहायचो.

६ मार्च, बुधवार

गावात मीठ मिळत नाही. थट्टा नाही, खरंच. वाण्याला विचारलं तर तो म्हणाला की इथे मीठ ठेवायची पद्धत नाही, मीठ सगळं मंडळींचं. जंगलाच्या तोंडाशी एक दगडी ओटा आहे. दर सोमवारी गावाच्या वाटचं मीठ तिथे ओततात. घरात कुणीच खात नाही. काल काकूंनी प्रेमाने जेवायला बोलावलं होतं. सगळं अळणी. ह्यांनी दोनदा मागून घेतलं आणि घरी येऊन मुठीने मीठ लावून भाकरी खाल्ली.

आणखी पद्धती: बाहेर पडण्याआधी तोंड, मान, हात धुवायचे. प्रत्येक दाराशी त्यासाठी बादली असते. दुपारी उन्हात कुणी काम करायचं नाही. घाम आला की घरात. मी कारण विचारलं तर काकू म्हणाल्या, "मंडळींना वास आवडतो, मागे लागतात, एवढंच."

मी धंद्यासाठी दहा किलोचं पोतं आणलंय ते कुणाला बोलले नाही. उगाच चर्चा कशाला.

९ मार्च, शनिवार

पहिली भट्टी. गावाच्या पद्धतीने, बिनमिठाचं पीठ.

मिठाशिवाय पीठ म्हणजे बापाचा धाक नसलेलं पोर. भसाभसा फुगलं, काथवटीच्या कडेवरून ओघळलं, भट्टीत गेलं आणि बसलं. पाव निघाले फिकट, आजाऱ्यासारखे. चव ओल्या कागदाची. लोकांनी मात्र आनंदाने नेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे पाव माझ्या हातचे म्हणून घरोघरी जाणार!

उद्या चिमूटभर घालणार आहे. नुसती चिमूट. पीठ आवरायला. कुणाला कळणारही नाही.

१५ मार्च, शुक्रवार

कळलं नाही, पण जिभेला कळलं! सकाळी आठला दुकानासमोर रांग. ज्या घरात दोन पाव जायचे तिथे सहा जातात. घड्याळजीची म्हातारी आई रोज स्वतः काठी टेकत येते. बाळाला भरवावं तसा तुकडा तोंडात ठेवते आणि डोळे मिटून उभी राहते. आज मला म्हणाली, "पोरी, यात काय घालतेस?" मी म्हटलं, "आजी, हाताचा गुण."

चिमटीची मूठ झाली आहे. हे म्हणाले, "अगं, लोकांची पद्धत आहे, कशाला मोडायची?" मी म्हटलं, तुम्ही रोज मुठीने खाता ते? त्यांचा खोकला कमी आहे. चिऊचे गाल वर आलेत. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

२२ मार्च, शुक्रवार

घड्याळजीची आई गेली. झोपेतच, वयाने. आम्हीही पोचवायला गेलो.

असं मरण मी पाहिलं नाही. पन्नास माणसं आणि एकाच्याही डोळ्यात पाणी नाही. घड्याळजी सुद्धा दगडासारखा. म्हातारीची परगावची मुलगी धावत आली, दारातच तिने हंबरडा फोडला. तशी दोन बायकांनी तिचे दंड धरून तिला आत ढकललं आणि कडी लावली. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. बाहेर सगळे कोरडे. थोड्या वेळाने तोंड धुऊन, पुसून तिला बाहेर आणलं.

मी ह्यांना म्हटलं, काय माणसं आहेत, काळजात मीठ नाही यांच्या. काकूंनी ऐकलं. टाचण्या काढून म्हणाल्या, "आम्ही रडतो. घरात रडतो." आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या.

ओढ्यापलीकडे झाडांत मंडळी उभी होती. वीस-पंचवीस तरी. सगळ्यांची तोंडं गावाकडे.

२७ मार्च, बुधवार

काथवट धुऊन परसात उन्हाला टेकवली होती. दुपारी पाहते तर आतलं लाकूड चाटून पार खोलगट केलेलं. जिथे माझे हात पीठ मळतात, नेमकं तिथे बोटभर खोल चर पडलेत. बाभळीचं जुनं लाकूड! सुताराला रंधा मारायला दिवस लागला असता.

दुकानाची फळी, दाराची चौकट, गिऱ्हाइकं हात टेकतात तो खांब, सगळं चाटलेलं. आता मंडळी सकाळीही येतात, रांगेच्या बाजूला उभी राहतात. लोक पाव घेतात, लगबगीने घरी जातात. हसणं कमी झालंय.

काकूंचा कुत्रा दोन दिवस दिसला नाही.

१ एप्रिल, सोमवार

कुत्रा सापडला. ओट्याच्या वाटेवर. चिऊला दाखवलं नाही. अंगावर चावल्याची खूण नाही, ओरबाडा नाही. फक्त कातडं नव्हतं. जणू धुऊन ठेवलं होतं त्याला.

संध्याकाळी काकू दुकानात आल्या. टाचण्या नव्हत्या तोंडात. सरळ विचारलं, पावात मीठ घालतेस का. त्यांनी सांगितलं की यंदा ओट्यावरचं मीठ मंडळींनी निम्मं तसंच ठेवलंय, ओटा सोडून ती गावात येतात, असं त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं.

मी नाही म्हटलं. डोळ्याला डोळा भिडवून नाही म्हटलं. ह्यांनी पलीकडे पाव रचता रचता मान खाली घातली.

उद्यापासून अळणी. देवाशपथ.

३ एप्रिल, बुधवार

लाकूडवाला —

तो रोज भट्टीची लाकडं आणतो. धिप्पाड, हसरा, चढावर येतानाही गाणं म्हणणारा. आज उशीर झाला. माझ्याचसाठी उशीर झाला. मी जास्तीची मोळी सांगितली होती. भर उन्हात घामाने निथळत चढ चढला. वाटेत तीन-चार मंडळी आडवी आली. दमला होता, म्हणून दगडावर बसला.

वनरक्षकाने खांद्यावर घालून आणलं. दुकानातच, माझ्या फळीवर ठेवलं. दोन्ही हात कोपरापर्यंत आणि मान — मी पाहिलं. आतलं सगळं दिसत होतं, शिरा दिसत होत्या, उडत होत्या.

तो शुद्धीत होता. ओरडत नव्हता. तेच भयंकर. सांगत होता की आधी गुदगुल्या झाल्या, मग गार वाटलं, मग काहीच वाटलं नाही, म्हणून बसून राहिलो, बरं वाटत होतं. मंडळींच्या लाळेने अंग बधिर होतं. घरी बायकोला काय सांगू, असं मलाच विचारत होता.

दुपारी गेला. बायको आली. तिलाही बाहेर रडू दिलं नाही. माझ्याच दुकानात, माझ्या दारांना कडी लावून, माझ्या पिठाच्या पोत्यात तोंड खुपसून तिने रडून घेतलं. परवा रात्री त्याने माझा पाव खाल्ला होता, असं ती म्हणत होती. फार आवडायचा त्याला.

४ एप्रिल, गुरुवार

काकूंनी सगळं सांगितलं. मीठ खाणाऱ्याचा घाम मंडळींना कोसावरून कळतो. म्हणून गाव मीठ खात नाही, म्हणून बाहेर रडत नाही. मी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलं? म्हणाल्या की आधीच्या पाववाल्याला सांगितलं होतं, तो आठ दिवसांत पळाला. तीन वर्षं गावाला पाव नव्हता. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की नव्या माणसाला हळूहळू सांगू. "चुकलं आमचं," म्हणाल्या. म्हातारी बाई माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती आणि मी — मी तेव्हाही कबूल झाले नाही. मिठाची गुळणी धरून बसले.

उद्या वनरक्षक घरोघर झडती घेणार आहे.

हे म्हणाले, जा, सांगून टाक. मी म्हटलं, लाकूडवाल्याच्या बायकोला काय सांगू? हे म्हणाले, तेच सांग.

सांगितलं नाही. उरलेलं मीठ, अर्ध्याहून जास्त पोतं, परसातल्या मोरीत ओतलं आणि वर दहा बादल्या पाणी.

५ एप्रिल, शुक्रवार

मोरी ओढ्याला जात नाही. तुंबलेली आहे, कधीचीच. पाणी परसातच मुरलं.

सकाळी परसात पाय ठेवायला जागा नव्हती. मंडळी भिंत पाडून आली आहेत. माना खाली, जमीन चाटताहेत. आवाज फक्त जिभांचा. सुपात धान्य पाखडावं तसा.

वनरक्षकाला सांगितलं. सगळं. गल्लीतून, ओरडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लाकूडवाल्याची बायको खिडकीत उभी होती. तिने खिडकी लावून घेतली.

वनरक्षकाने बंदुकीचे तीन बार काढले. त्यांनी नुसते कान हलवले. त्याचं म्हणणं, जमीन संपली की जातील, तीन दिवस, फार तर चार. तोवर अंग कोरडं ठेवा.

हे तापाने फणफणलेत. कालच्या बादल्या त्यांनीच उचलल्या. मी नको म्हटलं होतं. तीन वेळा सदरा बदलला, तीनही चिंब.

दुपारी काकू आल्या. अंगावर मेणकापड, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या. मंडळींमधून चालत आल्या. चिऊला डोक्यापासून पायापर्यंत धुतलं, मेणकापडात गुंडाळलं. म्हणाल्या, "रडायचं नाही हं बाळ, पलीकडे गेल्यावर मग हवं तेवढं." चिऊ रडली नाही. ओठ दाबून धरले होते. माझ्याकडे वळून बघितलंही नाही, बघितलं असतं तर रडू आलं असतं.

ह्यांना नेता येत नाही. दहा पावलांत घामाघूम होतील.

मी माझ्याबद्दल एक शब्द विचारला नाही, काकूंनीही नाही. नुसता माझ्या गालावर हात ठेवला, कोरडा आहे का बघितलं, आणि गेल्या.

६ एप्रिल, शनिवार

आता चारी बाजूंनी. दाराला अंग घासतात. ताप उतरत नाही. ओल्या फडक्याने पुसते, पुसते तोवर पुन्हा घाम. फडकी भट्टीत जाळते. वासाने बाहेर हालचाल होते.

हे भ्रमात बोलतात. खाणीतल्या मित्रांना हाका. मध्येच शुद्धीवर येऊन म्हणाले, तुझा पाव चांगलाच होता गं. मी उठून दुसऱ्या खोलीत गेले. पदर तोंडात कोंबला. डोळ्यातून आलं नाही. येऊ दिलं नाही.

७ एप्रिल, रविवार

डोळा लागला माझा. दोन रात्री झोप नाही. भिंतीला टेकले होते — दुपार होती, ऊन होतं —

जाग आली ती खोकला थांबल्यामुळे.

हे मागच्या खिडकीशी उभे. खिडकीची एक पट्टी निखळलेली. गाल फटीला लावलेला. वाटलं, वारा घेताहेत. माझ्याकडची बाजू हसत होती. म्हणाले, "गार वाटतंय गं. आईनं कपाळावर हात ठेवल्यासारखं."

ओढलं मी त्यांना मागे.

दुसरी बाजू लिहिणार नाही.

दुखत नव्हतं त्यांना. शेवटपर्यंत नाही. हे काकूंना सांगा, काकूंनी चिऊला सांगावं. दिवेलागणीला गेले. पिठाच्या धुतलेल्या पोत्याने तोंड झाकलं. फटीला फळी ठोकली.

रडले नाही.

८ एप्रिल, सोमवार. सकाळ

परस संपलं. पांगताहेत. वनरक्षक छपरावरून ओरडला, आज संध्याकाळपर्यंत धीर धरा.

मी त्याला सांगितलं, हे गेले.

सांगायला नको होतं. गल्ली अरुंद आहे. काकूंच्या घरात ऐकू गेलं —

चिऊ. वरच्या खिडकीत. बाबा बाबा करत. तोंड लालबुंद, सगळं ओलं, खिडकीच्या बाहेर अर्धी. काकू तिला आत ओढताहेत, ती सोडत नाही चौकट.

मंडळींनी माना वळवल्या. एकदम. सगळ्यांनी.

काकूंचं दार पातळ आहे. आतून शिवणयंत्र लावलंय, यंत्र सरकल्याचा आवाज येतोय. वनरक्षक बार काढतोय. काही उपयोग नाही.

लवकर लिहिते. पावात मीठ मी घातलं. गावाचा दोष नाही. काकूंचा तर मुळीच नाही. चिऊ त्यांच्याकडेच राहू दे.

तिकडून इकडे वळवायला हवीत. मीठ नाही. एक कण नाही, सगळं मीच ओतलं. घाम नाही, अंग थंड पडलंय. रडायला हवं. आत्ता. मोठ्याने.

येत नाही. पाच दिवस गिळलं, आता येत नाही —

दार तुटलं त्यांचं. खालची फळी —

ह्यांच्या तोंडावरचं पोतं काढलं. बघितलं. नीट बघितलं, दोन्ही बाजू.

आलं. आलं. गालावर, मानेवर —

कडी काढते आहे. चिऊ, इकडे बघू नकोस, खिडकी लाव, काकूंचा हात धर आणि आत जाऊन